प्रकाशाचे बिनचुलीचे दिवस

पौषात मी आणि माझी आई प्रकाशाला तापीकाठी एका निसर्गोपचार शिबिराला जाऊन आलो. परत आल्यापासून शिक्षकांच्या खोलीत रोज कोणी ना कोणी विचारतो, “काय हो, आठवडाभर खरंच कच्चं खाल्लंत? आणि आईंनीसुद्धा?” प्रत्येकाला तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा सगळे एकदा नीट लिहून काढावे असे वाटले. ज्यांना तिकडे जायचे असेल त्यांना उपयोग होईल. ज्यांना जायचे नसेल त्यांची करमणूक होईल.

आधी जाण्याचे कारण सांगतो. श्रावणात माझे वडील वारले. तेव्हापासून आईचे जेवण सुटले. ताटावर बसायची, दोन घास खायची आणि “पोट भरनं” म्हणून उठायची. दिवाळीपर्यंत तिच्या हातातल्या पाटल्या कोपरापर्यंत वर सरकू लागल्या. मी तिला नंदुरबारला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी पोट दाबून पाहिले, जीभ पाहिली, छाती तपासली आणि आजार काही नाही म्हणाले. आजार नसलेल्या माणसाला औषध काय द्यायचे? त्यांनी एक कडू बाटली दिली. आईने ती देवळीत ठेवली आणि तिच्यापुढे दिवा लावायला सुरुवात केली.

मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. आमच्या गावातून नंदुरबारच्या शाळेत मी रोज चालत जायचो, आणि रोज पहाटे आई फडक्यात भाकरी बांधून द्यायची. पावसात, थंडीत, परीक्षेच्या दिवसांत, त्या फडक्याला कधी खाडा पडला नाही. अशा बाईने माझ्यासमोर अन्नावाचून वाळत जावे आणि मी मुलांना वर्गात सकस आहाराचा धडा शिकवावा, हे मला सोसवेना. अशात एका मासिकात निसर्गोपचारावर लेख वाचला, आणि पाठोपाठ कळले की प्रकाशाला तसे शिबिर भरते आहे. मी दोन नावे कळवून टाकली.

आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, “नाना, मी काय म्हैस शे का रे, कच्चा पाला खावाले?”

पण प्रकाशा तापीच्या पलीकडच्या काठावर आहे आणि आईचे माहेरही त्याच काठाला. नदी ओलांडायची म्हटल्यावर तिने आणखी वाद घातला नाही.

नदी उतरताना

नदीपर्यंतचा प्रवास सगळ्या प्रवासांसारखाच होता, तो सोडून देतो. तापी मात्र सोडून देता येत नाही. पौषातली तापी म्हणजे जेवून आडवी झालेली गाय. पात्रातल्या वाळूत टरबुजांचे वाफे आखलेले, काठाने केळीच्या बागा, आणि पलीकडे प्रकाशाच्या देवळांची शिखरे उन्हात पांढरी. आमच्याकडच्या कोरड्या कपाशीच्या शेतांतून आलेल्या माणसाला तो हिरवा काठ पाहून उगीचच श्रीमंत झाल्यासारखे वाटते.

नावेत बसल्यावर आईने पाण्याला हात लावून नमस्कार केला. मग ती बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिली. “आते कशी गरीब दिखस,” एवढेच म्हणाली. तेव्हा मला त्याचा अर्थ लागला नाही.

धर्मशाळा

शिबिर घाटावरच्या धर्मशाळेत होते. संचालक नथ्थूभाई हे जवळच्याच गावचे गुजर शेतकरी. ऊस, केळी, कापूस असे घरचे सगळे. त्यांना पोटाचा जुना विकार होता; तो कच्च्या आहाराने बरा झाला, आणि तेव्हापासून ते लोकांच्या चुली विझवत हिंडतात. माणूस अतिशय गोड. सहा फूट उंच, साठी उलटलेली, आणि गाल गाजरासारखे तांबूस. बोलणे मराठीच, पण त्यात गुजरातीचा गूळ पडलेला.

“चूल ही पोटाची वैरीण छे,” त्यांनी पहिल्याच संध्याकाळी सांगितले. “सूर्याने शिजवलेलं पुन्हा शिजवायचं कशाला?”

धर्मशाळेच्या ओसरीत तीन दगडांच्या चुली होत्या. नथ्थूभाईंनी त्यांवर तुळशीच्या कुंड्या ठेवल्या होत्या. चहा बंद, मीठ बंद, मिरची तर बंदच. आपल्या खानदेशात मिरची बंद करणे म्हणजे काय, हे मी वाचकांना सांगायला नको. शेजारच्या शेतात हुरडा तयार होता, पण तो भाजलेला म्हणून तोही बंद.

आम्ही शिबिरार्थी पंधरा-वीस होतो. त्यांतले तळोद्याचे गोविंदराव आमच्या खोलीशेजारी उतरले होते. ते कचेरीतून निवृत्त झालेले कारकून; त्यांना मधुमेह होता आणि बोलायची हौस होती. त्यांचे दात फार चांगले असावेत असे मला वाटले, कारण प्रत्येक जेवणाच्या आधी ते दंतमंजनाची डबी घेऊन बसायचे. दुसऱ्या दिवशी ते काकडीला मंजन लावताना सापडले. डबीत लसणाची लाल चटणी होती.

“भाई, हिरड्या कमजोर आहेत माझ्या,” गोविंदराव म्हणाले.

“तमारी जीभ कमजोर छे,” असे म्हणून नथ्थूभाईंनी डबी तापीत सोडली. ती बुडेपर्यंत आम्ही सगळे आदराने पाहत उभे होतो.

आमचा दिनक्रम

पहाटे नदीवर स्नान. हुडहुडी भरायची. मग उन्हात बसणे. पुरुषांनी उघड्या अंगावर एकच पांढरे वस्त्र गुंडाळायचे. मग पोटावर नदीच्या गाळाची पट्टी. आईच्या पोटावर पट्टी ठेवायला एक बाई आल्या तेव्हा आई म्हणाली, “घरले लिंपतस हाई माहीत व्हतं. पोटले लिंपतस हाई पहिल्यांदाच देखं.” गोविंदरावांना डोक्यावर गाळ थापायचा होता, म्हणून त्यांचे डोके भादरले होते. न्हाव्याने सवयीने मिशीही उतरवली. त्यानंतर तासभर मौन. आणि मग जेवण.

जेवण म्हणजे मोड आलेले मूग, भिजवलेले शेंगदाणे, मुळा, गाजर, टोमॅटो, हरभऱ्याचे कोवळे घाटे, पेरू, पपई, केळी. केळीच्या पानावर नथ्थूभाई ते रांगोळीसारखे मांडायचे. खरे सांगतो, दिसायला आपल्या लग्नाच्या पंगतीपेक्षा सुंदर. आमच्याकडे पंगतीत वाढपी तर्री पडेल तिथे ओतत पळतो. इथे प्रत्येक मुळ्याची चकती विचार करून ठेवलेली. पण तिसऱ्या घासाला माझे डोके दुखू लागले. चहावाचून कपाळ ठणकत होते आणि डोळ्यांसमोर सारखी शेवभाजी तरंगत होती. मी शिबिराचा मोठा समर्थक म्हणून आलो होतो, म्हणून कोणाला बोललो नाही.

आईने मात्र इथेही तेच केले. पेरूची एक फोड, चार दाणे मूग, आणि “पोट भरनं.” मी तिच्या पानाकडे पाहत राहायचो. इथेही जमले नाही तर पुढे कुठे न्यायचे, हे मला माहीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी एक गंमत झाली. मौन चालू होते. आम्ही सगळे डोळे मिटून बसलेलो, पाने मांडून ठेवलेली. एक बकरी ओसरीवर चढली आणि पंगतीच्या एका टोकापासून खात निघाली. नथ्थूभाईंना दिसत होते. पण मौन मोडायचे कसे? ते डोळे मोठे करून हातवारे करीत राहिले. बकरीला वाटले तिला आग्रह चालला आहे. मौन सुटले तेव्हा ती गोविंदरावांच्या पानाशी पोचली होती.

आई तोंडाला पदर लावून हसली. “भाई, तुम्हना शिबिरना गुन सगळास्ना पहिले बकरीले लागना!”

श्रावणानंतर तिला हसताना मी प्रथमच पाहिले.

कडू भाकर

तिसऱ्या दिवशी दुपारी मौन संपून आम्ही ओसरीवर बसलो होतो. घाटाकडून तीन बायका आल्या. पुढची पन्नाशीची, नऊवारी पातळाचा काचा मारलेली, डोक्यावर टोपली, टोपलीवर फडके. मागच्या दोघींच्या हातांत पितळी पातेले आणि पाण्याचा हंडा. तिघींचेही चेहरे पडलेले. पुढची बाई पायरीशी थांबली, टोपली उतरवली आणि हळू आवाजात म्हणाली, “कोन गया वो माय?”

कोणाला काही समजेना. तिने फडके बाजूला केले. ज्वारीच्या भाकरी होत्या, अजून गरम. पातेल्यात बिनफोडणीची डाळ.

तेव्हा माझ्या लक्षात आले. आपल्याकडे ज्या घरात माणूस जातो त्या घरची चूल पेटत नाही. शेजारपाजारचे लोक भाकरी आणि डाळ आणतात आणि घरच्यांना बळेबळे घास भरवतात. त्याला आपण कडू घास म्हणतो. प्रकाशाला लोक एरवीही दिवसकार्यासाठी येतात. या बाईचे घर घाटावरच होते. तिने काय पाहिले असेल? धर्मशाळेतून सतत तीन दिवस धूर नाही. पुरुष उघड्या अंगाने एका वस्त्रानिशी बसलेले. सगळे गप्प. आणि मधोमध डोके-मिशी उतरवलेले गोविंदराव!

“तीन दिन व्हयनात, धूर दिखना नही,” ती बाई म्हणाली. तिचे नाव सावित्राबाई, हे मागून कळले. “मी म्हनं, लांबना लोके शेत, त्यास्ले अठे कोन भाकर देई?”

नथ्थूभाई उठले. “बेन, कोणी गेलं नथी. हे आरोग्य शिबिर छे. आम्ही शिजवलेलं खातच नाही.”

सावित्राबाईंनी आम्हा सगळ्यांकडे एकदा नीट पाहिले. “कोनी मरनं नही? मंग चूल काबर पेटाडत नहीत?”

“तब्येतीसाठी.”

“तब्येतसाठे उपाशी बठतस?”

मागची एक बाई हसली, पण सावित्राबाईंचा चेहरा उतरला. “दुखनी भाकर शे ही, भाऊ. दुखनी भाकर घरमाईन निंघनी, का परत घरमा लई जाता येत नही. आते मी काय करू?”

हा पेच नथ्थूभाईंच्या कोणत्याही पुस्तकात नव्हता. भाकर ठेवून घ्यावी तर शिबिराचा नियम मोडतो. नाही म्हणावे तर ती बाई जिवंत माणसांच्या दारात दुखाची टोपली घेऊन उभी राहते आणि अशुभ बरोबर घेऊन घरी जाते. नदीत सोडा म्हणायला चटणीची डबी थोडीच होती ती! गोविंदराव भाकरीकडे अशा नजरेने पाहत होते की तेच आत्ता शोकात आहेत असे कोणालाही वाटले असते.

तेवढ्यात माझी आई उठली. पोटावरचा ओला गाळ तिने पदराने पुसला आणि पायरीपर्यंत गेली.

“बठ वो बाई,” ती म्हणाली. “भाकर मांगे नेऊ नको. मन्हा घरना माणूस गयेल शे.”

“कव्हय?”

“श्रावनमा.”

“श्रावनमा?” सावित्राबाईंनी तिच्या मोकळ्या कपाळाकडे आणि वाळलेल्या हातांकडे पाहिले. “मंग कडू घास?”

“गावना बायास्नी भाकरी आन्यात. मीच सगळास्ले वाढ्यात.” आईने नदीपलीकडे हात केला. “मन्हा घास माहेरथून येवाना व्हता. तापीले पूर व्हता. भाऊ या काठवर, मी त्या काठवर. नाव चालनी नही.”

आमच्यात बाईला हा घास तिच्या माहेरच्या माणसाने भरवायचा असतो. पूर ओसरल्यावर मामा आले होते. पण तोपर्यंत सगळी कार्ये उरकली होती, चूल पेटली होती, माझ्या बायकोने स्वयंपाक केला होता आणि आईने समोर बसून मामांना आग्रह करकरून वाढले होते. मामांना वाटले गावाने केले असेल. गावाला वाटले मामा आले म्हणजे झाले असेल.

“मंग मांगं का नही?” सावित्राबाईंनी विचारले.

“मांगीसन खावानी गोट शे का ती?”

सावित्राबाईंनी आईला हात धरून पायरीवर बसवले आणि स्वतः पुढ्यात बसल्या. “माहेर कोनतं तुन्हं?”

“हाऊच काठ.”

“मंग तू मन्ही बहीन व्हयनी. तोंड उघाड.”

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, डाळीत बुडवला आणि आईच्या तोंडाशी नेला. आईने तो घेतला, आणि ती रडू लागली. पदर तोंडात कोंबून नव्हे. मोठ्याने, लहान मुलीसारखी. श्रावणात ती रडली नव्हती. सगळ्यांना पाणी द्यायचे होते, पाहुण्यांची अंथरुणे घालायची होती. सावित्राबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि दुसऱ्या हाताने पुढचा घास तयार करीत होत्या. “रड, पन खाय. खाय, मंग पुन्हा रड.”

आईने अख्खी भाकर खाल्ली. मग अर्धी आणखी मागून घेतली. मी खांबाला टेकून उभा होतो. मला चष्मा पुसावा लागला, हे इथे लिहायला हरकत नाही.

नथ्थूभाई तिथून उठून नदीकडे तोंड करून बसले होते. मला वाटले, रागावले. मी जवळ जाऊन म्हटले, “भाई, नियम मोडला. आम्हांला जायला सांगितलंत तरी चालेल.”

“मास्तर, कुठला नियम?” ते डोळे टिपत म्हणाले. “मी पोट पाहत होतो. तमारी आईची भूक पोटात नव्हतीच.”

पाठोपाठ गोविंदराव आले. घसा साफ करून म्हणाले, “भाई, माझीही एक आत्या चैत्रात वारली.”

“गोविंदराव, ती आत्या मागच्या शिबिरातपण वारली होती.”

उरलेल्या भाकरी घाटावर बसलेल्या यात्रेकरूंनी खाल्ल्या. गोविंदराव त्यांना पोचवायला स्वतः गेले आणि बऱ्याच वेळाने आले. नथ्थूभाईंनी विचारले नाही.

उरलेले दिवस

दुसऱ्या दिवशी पहाटे मी उठलो तेव्हा आई ओसरीवर गाजर खात बसली होती. “गोड शे रे,” ती म्हणाली, जणू गाजर तिने आयुष्यात प्रथमच पाहिले. दुपारी तिने पानावरचे सगळे संपवले आणि बकरीने खाऊ नयेत म्हणून शेजारच्या बाईच्या मुगांवरही लक्ष ठेवले. तिने पुन्हा भाकर मागितली नाही. एकाच भाकरीचे काम अडले होते. ते झाले होते.

सावित्राबाई रोज येऊ लागल्या. पहिल्या दिवशी नुसत्या बघायला, दुसऱ्या दिवशी चार बायकांना घेऊन. कच्चे खाणारी माणसे पाहायला घाटावर जवळजवळ जत्राच भरली. नथ्थूभाई मराठी-गुजरातीत समजावू लागले की बायका एकमेकींकडे पाहायच्या. मग आईच अहिराणीतून सांगू लागली. मातीची पट्टी कशी ठेवायची, मूग किती भिजवायचे, सगळे. सावित्राबाईंचे गुडघे दुखायचे. आईने त्यांच्या गुडघ्यांवर गाळ थापला.

“घर लिंपी ऱ्हायनीस का मन्हं?” सावित्राबाई म्हणाल्या.

“जुनं घर शे, लिंपनं पडस,” आईने उत्तर दिले.

या उपचाराने गुडघे बरे झाले की नाही ते मला सांगता येणार नाही. मी विज्ञान शिकवतो, म्हणून उगाच काही छातीठोक लिहीत नाही. माझी स्वतःची डोकेदुखी पाचव्या दिवशी गेली, झोप गाढ लागू लागली, आणि मुळा हा पदार्थ मला आता आवडतो. पण भाकरीची ओढ गेली नाही. संध्याकाळी गावातून धुराचा आणि खरपूस पिठाचा वास यायचा तेव्हा मी देवळाकडे फिरायला जायचो, कारण देवळाची वाट सगळ्यांत जास्त चुलींवरून जात होती.

परतीची नाव

निघताना नथ्थूभाईंनी सगळ्यांना वाटेसाठी भिजवलेले शेंगदाणे आणि गाजरे पुडीत बांधून दिली. गोविंदराव माझ्या कानाशी लागून म्हणाले, “तळोद्याला आलात तर शेवभाजी माझ्याकडे.” सावित्राबाई नावेपर्यंत आल्या. त्यांनी आईची ओटी भरली नाही, ते जमणारे नव्हते; पण तिच्या हातात एक गाठोडे दिले आणि म्हणाल्या, “पूर येवो का काही येवो, सांगावा धाड. मी पोहत येसू.”

“गुडघा दुखतस तुन्हा,” आई म्हणाली. दोघी हसल्या.

नाव मध्यावर आली. ऊन चढले होते. पाण्यावर बगळे उतरत होते. आईने पाण्यात हात घातला आणि सहजच म्हणाली, “नाना, भूक लागनी रे.”

हे शब्द तिच्या तोंडून मी कितीतरी महिन्यांनी ऐकले. मी घाईघाईने तिच्या मांडीवरचे गाठोडे सोडले. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी होत्या, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि कांदा. मी ते तिच्यापुढे धरले. तिने माझा हात बाजूला सारला, नथ्थूभाईंची पुडी उघडली आणि गाजर कडकन मोडले.

“ती भाकर तुन्हासाठे शे,” ती म्हणाली. “आठ दिन पासून तुन्हं तोंड देखी ऱ्हायनू मी. खाय गुपचूप.”

तिने भाकरीवर ठेचा ठेवून घडी घातली आणि माझ्या हातात दिली, शाळेत जाताना द्यायची तशीच. मी खाल्ली. डोळ्यांत पाणी आले. ते मिरचीचेही होते.

नावाडी मोठ्या नवलाने आईकडे पाहत होता. “म्हातारी, पोऱ्या भाकर खास आनि तू कच्चं खास? घर चूल नही का?”

आईने गाजराचा देठ तापीत टाकला.

“शे ना,” ती म्हणाली. “आते घर जाईसन मीच पेटाडसू.”